फायबरच्या मॉडेल बोटीला टिकणारा रंग: कोणता निवडावा, कसा लावावा

मॉडेल बोटीवरचा रंग सहसा तीन जागी आधी जातो: नाकाच्या टोकावर, जिथे काठाचा दगड लागतो, तळाच्या धारदार कडांवर, आणि बोट इंजिनवर चालणारी असेल तर एक्झॉस्टच्या आसपास, जिथे तेलकट इंधन गळते. उडालेली जागा नीट पाहिली तर दोष रंगाच्या कंपनीचा क्वचितच निघतो. बहुतेक वेळा रंगाखाली साच्याचे मेण राहिलेले असते, किंवा एका जातीच्या रंगावर त्याला न मानवणारी दुसरी जात मारलेली असते, किंवा इंधनापुढे न टिकणारा रंग निवडलेला असतो. म्हणून पुढे निवडीपेक्षा पूर्वतयारीलाच जास्त जागा दिली आहे.

खालची सगळी मापे साधारण ९० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद हलसाठी आहेत. हल म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा पोकळ भाग. अशा हलचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ०.४ चौरस मीटर भरतो.

आधी हल ओळखा

बाजारात ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात, ते म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेचे कापड. त्यात दोन वेगळी रेझिने असतात: पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. आतल्या बाजूला पॉलिश पेपरने दोन-चार वेळा घासून वास घ्या. तिखट, नाकात जाणारा स्टायरीनचा वास आला तर पॉलिएस्टर. वास जवळजवळ नसेल तर इपॉक्सी समजायला हरकत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन किंवा जेलकोट (पॉलिएस्टरचा रंगीत बाहेरचा थर) भरवशाने धरत नाही. इपॉक्सी नीट सुकलेली नसेल तर तिच्यातल्या अमाइनमुळे वरचे पॉलिएस्टर चिकट राहते. इपॉक्सी हलवर जेलकोट लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

साच्यातून निघालेल्या हलला बाहेरून गुळगुळीत, एकरंगी थर दिसत असेल तर तो जेलकोट. तो चांगला असेल तर रंगाचा विचारच सोडून द्या. पूर्ण आकाराच्या बोटींवर हा थर साधारण ३०० ते ५०० मायक्रॉनचा असतो, तर रंगाचे सगळे हात मिळून १५० मायक्रॉन होतात. ओरखडा जेलकोटमध्ये आरपार जात नाही आणि आतही तोच रंग असतो. ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने पाण्यात घासा, रबिंग कंपाउंडने चकाकी आणा, वर गाडीचे मेण लावा. वजन एक ग्रॅमही वाढत नाही. रंग लावायचा तो जेलकोट फिका पडला असेल, त्यात भोके असतील, दुरुस्तीचे ठिगळ दिसत असेल, किंवा बोटीला खऱ्या जहाजासारखे दोन-तीन रंग हवे असतील तेव्हाच.

कोणता रंग कशाला टिकतो

बोटीत काय जळते, यावर निम्मी निवड ठरते. बॅटरीवर चालणाऱ्या बोटीला जवळजवळ कोणताही रंग चालतो, तिचा शत्रू फक्त ऊन आणि दगड. पेट्रोल इंजिनच्या बोटीला चिवट रंग लागतो. ग्लो इंजिनच्या बोटीत मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण असते. नायट्रोचे प्रमाण जितके जास्त, तितका रंगावरचा हल्ला तीव्र.

साधे अॅक्रिलिक स्प्रे कॅन हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. फक्त थिनर उडून ते सुकतात, त्यात रासायनिक जोडणी होत नाही. म्हणून योग्य द्रावक मिळाला की पुन्हा विरघळतात, आणि मिथेनॉल-नायट्रोपुढे तर लगेच मऊ पडतात. बॅटरीच्या बोटीला, विशेषतः शोकेसमध्ये राहून अधूनमधून पाण्यात उतरणाऱ्या बोटीला, ते पुरतात. गॅरेजवाले ज्याला ड्यूको किंवा एनसी म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंगही याच स्वभावाचा: झटपट सुकतो, छान घासला जातो, पण इंधनाला शरण जातो.

सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ग्रिल-दरवाजांना लावतात तो ऑइल पेंट, ब्रशने लावायला सर्वांत सोपा. बॅटरीच्या बोटीवर दोन-तीन मोसम बरा दिसतो. त्याची खरी अडचण नंतर येते. त्याच्यावर पुढे एनसी किंवा टू-के (हार्डनर मिसळून लावायचा रंग) मारला की त्यातला कडक थिनर खालचा इनॅमल उचलतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. उलट क्रम चालतो: खाली टू-के, वर इनॅमल. आज इनॅमल लावले तर उद्याचा दुसरा पर्याय तुम्ही बंद केलात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

इपॉक्सी पेंट कठीण असतो, इंधन आणि पाणी दोन्ही सोसतो, पण उन्हात पिवळा पडतो आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. त्याची जागा अस्तरात आणि हलच्या आत. बाहेरचा शेवटचा हात म्हणून तो मराठवाड्याच्या उन्हात लावू नये.

उरतो टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा गाड्यांचा पीयू रंग. इंधन, ऊन, ओरखडे या तिन्हींपुढे सामान्य माणसाला मिळणाऱ्या रंगांत हाच सर्वांत पुढे. आमची शिफारस सरळ आहे: इंजिनची बोट असेल तर टू-के पीयूशिवाय दुसरा विचार करू नका, आणि बॅटरीची बोट वर्षानुवर्षे वापरायची असेल तरीही हाच घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात कोणत्याही गाडीची छटा १०० किंवा २५० मिलीलीटरमध्ये तयार करून मिळू शकते. सोबत त्याच कंपनीचा हार्डनर आणि पीयू थिनर घ्या.

पीयूमध्ये एनसी थिनर टाकायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे, आणि तिथेच रंग खराब होतो. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असते. हार्डनरमधले आयसोसायनेट रंगाशी जोडले जाण्याऐवजी या अल्कोहोलशी जोडले जाते आणि रंग आयुष्यभर अर्धा कच्चा राहतो. वरून तो सुकलेलाच दिसतो, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. इंधन पडले की कळते.

मोठ्या बोटींच्या तळाला शेवाळ-शिंपल्यांपासून वाचवणारा अँटिफाउलिंग रंग मॉडेलला अजिबात नको. बोट तासाभरात पाण्याबाहेर येते आणि तो रंग विषारी असतो. शेततळ्यात तर तो मुळीच जाऊ नये.

छटा निवडताना

मे महिन्यात बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाते. घरच्या तापमानात सुकवलेली बरीच इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. काळा, गडद निळा किंवा मरून हल उन्हात ठेवला की काचेच्या कापडाची वीण रंगातून वर उमटते आणि तळ वाकण्याचीही भीती असते. वरचा भाग पांढरा, पिवळा किंवा भगवा ठेवा. पावसाळ्यानंतर गोदावरीचे किंवा तलावाचे पाणी गढूळ असते, त्यात पिवळा आणि भगवा लांबूनही ओळखू येतात. तळाला वरच्यापेक्षा ठळक वेगळा रंग द्या: बोट उलटली तर ८० मीटरवरूनही समजते.

ही केवळ सोयीची बाब नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार बुळबुळीत असतो, आत उतरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही, आणि यात जीव गेले आहेत. बंद पडलेल्या बोटीसाठी तळ्यात कधीही उतरू नका. दोरीला बांधलेला चेंडू पलीकडे फेकून बोट ओढून आणा. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे आणि इतर धरणांवर परवानगीशिवाय बोट सोडू नये.

मेण काढल्याशिवाय पेपर हातात घेऊ नका

हल साच्यातून सुटावा म्हणून साच्याला मेण आणि बहुधा त्यावर पीव्हीएचा पातळ थर लावलेला असतो. दोन्ही हलवर उतरतात. आधी घासायला घेतले तर पेपर ते मेण ओरखड्यांच्या तळाशी दाबतो, आणि मग ते कशानेही पूर्ण निघत नाही. क्रम असा ठेवा.

१. भांड्यांचे लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन मऊ स्पंजने हल दोनदा धुवा. पीव्हीए पाण्यात विरघळते, ते इथेच जाते. हल इपॉक्सीचा असेल तर सुकताना त्यावर आलेला मेणासारखा चिकट थरही पाण्यानेच निघतो, थिनरने नाही. त्यासाठी हिरव्या स्क्रबरने हलके चोळा.

२. पूर्ण सुकल्यावर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारे वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर घ्या. एका हातात भिजवलेले फडके, दुसऱ्या हातात कोरडे. एक वीतभर जागा ओली करा आणि सुकण्याआधीच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. रिमूव्हर जागेवरच सुकू दिले तर विरघळलेले मेण पुन्हा तिथेच बसते. फडकी जुन्या सुती धोतराची किंवा बनियनची, फॅब्रिक कंडिशनर न वापरलेली. ती वरचेवर बदला. पेट्रोल आणि रॉकेल वापरू नका, दोन्ही मागे तेलकट थर सोडतात आणि पेट्रोल पेट घेते. अॅसिटोन पॉलिएस्टरवर फार वेळ राहिले तर वरचा थर मऊ करते.

३. आता हलवर पाणी शिंपडा. पाणी सलग चादरीसारखे पसरले तर मेण गेले. कुठे थेंब गोळा होऊन सरकत असतील तर तिथे मेण आहे. पहिली आणि दुसरी पायरी पुन्हा करा. ही चाचणी फुकट आहे आणि रंग कधी निघणार हे ती आधीच सांगते, तेव्हा ती वगळू नका.

४. मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा, शेवट ४०० ने. सपाट भागावर पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी घासले तर नाल्या पडतात. सगळीकडची चमक जाऊन एकसारखा मळकट रंग यायला हवा. जिथे चमकता ठिपका उरला, तिथला रंग एक दिवस टेपसोबत निघेल. कडा आणि तळाच्या पट्ट्या शेवटी, हलक्या हाताने. तिथे जेलकोट पातळ असतो आणि काचेचे तंतू लवकर उघडे पडतात.

तंतू उघडे पडले तर ते वातीसारखे पाणी ओढतात. तसे झाले तर निदान २४ तास हल कोरड्या जागी ठेवा आणि त्या जागी इपॉक्सीचा पातळ हात द्या. कोरडे घासायचेच असेल तर चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि उघड्यावर काम. काचेची धूळ अंगाला खाजते आणि फुफ्फुसात गेलेली चांगली नाही.

शेवटचे धुणे बोअरच्या पाण्याने करू नका. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते सुकल्यावर मागे राहिलेले क्षार रंगाखाली अडकतात, पुढे बोट पाण्यात बसली की पाणी ओढतात आणि बारीक फोड येतात. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड वॉटर एक लीटर पुरते. फिल्टरचे आरओ पाणीही चालेल.

इपॉक्सी हलसाठी एक गोष्ट जास्तीची. अस्तराआधी हल त्याच्या साच्यात किंवा नीट टेकू दिलेल्या स्टँडवर ठेवून दोन-तीन दुपारी ऊन दाखवा. रेझिन अजून थोडे आवळते आणि विणीचे जे काही उमटायचे ते आधीच उमटते. मग ते घासून काढता येते. रंगानंतर उमटले तर इलाज नाही.

लांबी आणि अस्तर

टॉर्च तिरपा धरून हल पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतील. ती न भरता अस्तर मारले तर प्रत्येक भोकावर बुडबुडा राहतो आणि उन्हात आतली हवा फुगून तो फुटतो. भरायला गाड्यांची टू-के पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) घ्या, ५० ग्रॅमला १ ग्रॅम हार्डनर. लहान डिजिटल काटा घेतलेला बरा, कारण डोळ्यांनी अंदाज चुकतो: हार्डनर जास्त झाला तर त्यातला पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग उमटवतो, कमी झाला तर लांबी रबरासारखी राहते. पात्याने आधी एका दिशेने, मग आडवी दाबून भरा. उन्हाळ्यात कालवलेली लांबी चार-पाच मिनिटांत आवळते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. इपॉक्सी हल असेल तर तो पूर्ण सुकलेला आणि घासलेला हवा, नाहीतर मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) मिसळलेल्या इपॉक्सीनेच भोके भरा.

ट्यूबमधली एनसी लांबी सोयीची वाटते, पण ती आठवडाभर आकसत राहते आणि ओलावा पिते. पाण्यात बसणाऱ्या भागात ती नको.

जेलकोट शाबूत असेल तर थेट टू-के पीयू प्रायमर-सर्फेसर, म्हणजे घासून सपाट करता येणारे अस्तर, चालतो. उघडे फायबर किंवा इपॉक्सी असेल तर आधी इपॉक्सी प्रायमरचा एक हात, त्यावर पीयू सर्फेसरचे दोन. एच (एचिंग) प्रायमर पत्र्यासाठी असतो, फायबरवर त्याचा काही उपयोग नाही. मिश्रणाचे प्रमाण डब्यावरचेच धरा: सर्फेसर अनेकदा ४:१, वरचा रंग २:१ किंवा ४:१ असतो, आणि ते मापाने की वजनाने हेही वाचा. ०.४ चौरस मीटरला गनने मारताना निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो, तो धरून तयार मिश्रण एका थराच्या दोन हातांसाठी १०० ते १२० मिलीलीटर लागते.

अस्तर सुकल्यावर काळ्या स्प्रे कॅनचा अगदी विरळ तुषार मारा आणि ठोकळ्यावर ६०० नंबरचा पेपर घेऊन पाण्यात घासा. जिथे काळे राहते तो खड्डा, जिथे खालचे जेलकोट दिसते तो उंचवटा. वेगवान बोटीत तळाचा मागचा एक तृतीयांश भाग सरळ असणे चकाकीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे. तिथे पट्टी लावून बघा. मागच्या भिंतीची खालची कड धारदार राहिली पाहिजे. अस्तराचा जाड थर ती गोल करतो, मग पाणी तिथून सुटण्याऐवजी वर चढते आणि बोटीचा वेग कमी होतो. त्या कडेला शेवटी ठोकळ्याने पुन्हा धार द्या.

वजनाचा हिशेब: सगळे थर मिळून १५० मायक्रॉन धरले तर ०.४ चौरस मीटरवर ६० घन सेंटीमीटर रंग, म्हणजे साधारण ७५ ते ८० ग्रॅम. शर्यतीच्या बोटीला हे जाणवते. तिला अस्तर घासून जितके पातळ करता येईल तितके करा.

दिवस कोणता निवडावा

पीयूला २० ते ३० अंश तापमान आणि कोरडी हवा लागते. मराठवाड्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ सर्वांत चांगली. त्याआधी नको: परभणी-नांदेडकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, हल गार असतो आणि त्यावर न दिसणारे दव असते. हल आदल्या रात्रीपासून घरात ठेवा. संध्याकाळी उशिरा मारलेला रंगही रात्रीच्या दवात निस्तेज होतो.

एप्रिल-मेमध्ये ४० अंशांवर रंगाचा थेंब हलपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. करायचेच असेल तर सकाळी लवकर, स्लो थिनर घालून, आणि मिश्रण वापरण्याची मुदत डब्यावरच्यापेक्षा निम्मी धरून. पावसाळ्यात हार्डनर हवेतल्या बाष्पाशी जोडला जातो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगात बारीक बुडबुडे अडकतात. जून ते सप्टेंबर घासण्याची कामे करावीत, रंगाची नकोत. काढणी आणि मळणीच्या दिवसांत शेताजवळ धूळ आणि भुसा फार उडतो. त्या दिवसांत बंद शेड शोधा आणि फवारणीआधी अर्धा तास जमिनीवर सडा टाका.

फवारणी

टू-के रंगाचा तुषार श्वासात जाऊ देऊ नका. हार्डनरमधले आयसोसायनेट कायमचा दमा जडवू शकते, आणि वास येत नाही म्हणजे धोका नाही असे नसते. रुमाल आणि कापडी मास्क याला अडवत नाहीत. सेंद्रिय बाष्पाचे कार्ट्रिज आणि पुढे धूळ अडवणारा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे आणि खुली हवा हवी. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम स्वतः करू नये. घरातल्या खोलीत तर कोणीच करू नये.

शाफ्टची नळी, रडरची (सुकाणूची) भोके आणि आतली बाजू टेपने बंद करा. हलच्या आत लाकडी दांडा घट्ट बसवून तो हँडलसारखा वापरा. अस्तर शेवटी पुन्हा रिमूव्हरने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. हाताला लागलेले खोबरेल तेल किंवा गॅरेजमधला सिलिकॉनचा डॅशबोर्ड स्प्रे हलवर बसला की रंग तिथून मागे सरतो आणि गोल डोळे पडतात.

वरच्या रंगाला १.३ मिलीमीटरचा नोझल, अस्तराला १.६ ते १.८. एवढ्या लहान कामाला ०.८ ते १ मिलीमीटरची मिनी गन जास्त सोयीची, तिच्यात रंग कमी वाया जातो. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. हवेचा दाब गनपाशी २५ ते ३० पीएसआय, अंतर १५ ते २० सेंटीमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. पहिला हात विरळ, खालचे अस्तर दिसेल इतका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा भरून, तेवढ्याच अंतराने तिसरा. घाईने एकाच हातात झाकायला गेलात की उभ्या बाजूंवर ओघळ येतात.

गन नसेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दोन इंची फोम रोलर: पीयू रंग १० टक्क्यांपर्यंत पातळ करून रोलरने पसरवा आणि लगेच मऊ ब्रशचे फक्त टोक ओढत बुडबुडे मोडा. तीन हात, मध्ये ६०० चा पेपर, शेवटी कंपाउंड. तुषार उडत नसल्याने हे जास्त सुरक्षित, मात्र खेळती हवा आणि हातमोजे इथेही लागतात. दुसरा रस्ता डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजचा. हल घासून, लांबी भरून तयार न्या आणि ज्या दिवशी तिथे एखाद्या गाडीला तुमच्या पसंतीचा रंग बसत असेल, त्याच दिवशी मारून घ्या. मिस्त्रींना तीन गोष्टी आधीच सांगा: एनसी लांबी नको, एनसी थिनर नको, आणि भट्टी असेल तर ४० अंशांच्या वर नको. गाडीचा पत्रा ६० अंश सोसतो, हल वाकतो.

नाव आणि क्रमांक रेडियमवाल्याकडून पातळ व्हिनाइलमध्ये कापून घ्या. रंग एक दिवस सुकल्यावर चिकटवा आणि वर टू-के क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारा. क्लिअरचे पहिले दोन हात अगदी विरळ द्या, ओला हात थेट दिला तर थिनर व्हिनाइलच्या कडा वर वळवतो. पाण्याखालच्या भागात स्टिकर लावू नका.

सुकू द्या

चोवीस तासांत रंग हाताला सुकतो, पण आतली जोडणी पूर्ण व्हायला २५ अंशांवर साधारण सात दिवस लागतात. इंधन आणि पाणी तोवर दूर ठेवा. धुळीचे कण आणि ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) काढायची असेल तर दोन-तीन दिवसांनी १५०० आणि २०००-२५०० च्या पेपरने पाण्यात घासून कंपाउंड मारा. कडांवर टेप लावून ठेवा, नाहीतर तिथला रंग दोन फटक्यांत जातो.

हलसोबत एका टाकाऊ फायबरच्या तुकड्यालाही तेच सगळे थर द्या. सातव्या दिवशी त्यावर कापसाचा इंधनात भिजवलेला बोळा १५ मिनिटे ठेवा. बोळ्याला रंग आला किंवा नख रुतले तर रंग अजून कच्चा आहे किंवा हार्डनरचे प्रमाण चुकले आहे, बोट आणखी आठवडाभर थांबवा आणि पुन्हा तपासा. दुसऱ्या कोपऱ्यात ब्लेडने दोन-दोन मिलीमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारून टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपला आले तर ते कोणत्या थरापासून सुटले ते बघा. जेलकोटपासून सुटले तर मेण राहिले होते, अस्तरापासून सुटले तर अस्तर घासायचे राहिले होते.

आतली बाजू

इंजिनच्या बोटीत हलच्या आत, विशेषतः टाकीखाली आणि इंजिनच्या बैठकीजवळ, इपॉक्सी रेझिनचा एक पातळ हात द्या. काचेच्या उघड्या मॅटमध्ये तेल मुरले की पुढे तिथे काहीही चिकटत नाही. आतला रंग पांढरा किंवा फिका राखाडी ठेवला तर गळती चटकन दिसते.

वापरताना आणि डागडुजीला

बोट बाहेर काढल्यावर साध्या पाण्याने विसळून पुसून ठेवा. तेलकट इंधन लगेच साबणाच्या पाण्याने काढा. जड पाण्याचे पांढरे डाग पडले तर निम्मे पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा आणि पुन्हा धुवा. तलावाचा काठ काळ्या दगडांचा असेल तर नाकाला पारदर्शक जाड टेपची पट्टी लावा. ती खराब झाली की बदलता येते, रंग तसा बदलता येत नाही.

ओरखडा फायबरपर्यंत गेला असेल तर त्याच दिवशी बोट पुन्हा पाण्यात घालू नका. सुकवा, रिमूव्हरने पुसा, ४०० ने कडा उतरत्या करा, इपॉक्सीने भरा आणि त्याच डब्यातला रंग ब्रशच्या टोकाने लावा. त्यासाठी सुरुवातीलाच हार्डनर न मिसळलेला ३० ते ५० मिलीलीटर रंग लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा. बाटली भरलेली असेल तर आत हवा कमी राहते आणि साय धरत नाही. हार्डनर मात्र साठवायचा नाही: एकदा उघडलेला डबा आपल्या पावसाळ्यात बाष्प ओढून घट्ट होतो. तो गढूळ दिसला, त्यात खडे झाले किंवा डबा फुगला तर टाकून नवा लहान डबा घ्या.